पकड हवी, की आयुष्य? वेगवान मोटारींच्या टायरचे गणित

सोलापूर - अक्कलकोट रोड एमआयडीसीची ओळख टॉवेल आणि चादरींची. यंत्रमागांचा खडखडाट हा या वसाहतीचा नेहमीचा आवाज. इंजिनाचा महत्त्वाचा भाग असलेले कॅमशाफ्ट तयार करून देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना पुरविणाऱ्या, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्स'चा पत्ताही याच वसाहतीतला. माग आणि मोटार असे दोन वेगळे उद्योग येथे शेजारी नांदतात. या दोहोंचे नाते एका वस्तूत एकत्र येते आणि ती वस्तू म्हणजे मोटारीचा टायर. वरून रबराचा दिसणारा टायर आतून कापडाच्या सांगाड्यावर उभा असतो.

पुणे, हैदराबाद, विजयपूर आणि तुळजापूर या दिशांना जाणारे महामार्ग रुंद झाले, तशा या मार्गांवर धावणाऱ्या मोटारीही बदलल्या. टर्बो इंजिन, रुंद चाके आणि क्षणात वेग घेणारी यंत्रणा आता मध्यम आकाराच्या मोटारींतही मिळते. मात्र इंजिनाची ताकद कितीही वाढली, तरी ती रस्त्यावर पोचते चार टायरमार्फतच, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढाच असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या भरवशावर चालतात. तेथे पकड कमी पडली, तर उत्तम ब्रेक आणि एअरबॅग यांचाही उपयोग मर्यादित ठरतो.

रबराखालचे कापड

मागावर काम करणाऱ्याला टायरची रचना समजावून सांगणे सोपे आहे. टायरच्या पोटातील 'कॉर्ड' कापडात ताण्याचे धागे जाड व मजबूत असतात, तर बाण्याचे धागे विरळ आणि नाजूक असतात. ताण्याचे धागे जागेवर धरून ठेवणे एवढेच बाण्याचे काम. सुरुवातीच्या काळात टायरसाठी साधे विणलेले जाड कापड वापरले जाई. चाक फिरताना उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून तुटत आणि टायर लवकर निकामी होत असे. त्यातूनच बाणा जवळजवळ वगळलेले कॉर्ड कापड आले.

जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये या कापडाचे थर तिरपे आणि एकमेकांना छेदणारे असत. 'रेडियल' टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर पोलादी तारांचे पट्टे बसतात. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. टायरची बाजू लवचिक आणि रस्त्यावर टेकणारा भाग ताठ, हे त्यामुळे शक्य झाले. वेगवान मोटारींच्या टायरमध्ये पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचा आणखी एक थर गुंडाळलेला असतो. जास्त वेगात टायर बाहेरच्या बाजूला फुगू पाहतो. हा थर त्याला आवळून धरतो.

पकड येते कोठून?

रबराची पकड दोन प्रकारे निर्माण होते. पहिला प्रकार चिकटण्याचा. मऊ रबर रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटते आणि सुटते. दुसरा प्रकार रुतण्याचा. डांबरातील खडीच्या टोकांवर रबर दबते, पण लगेच पूर्ववत होत नाही. पूर्ववत होण्यातील हा विलंब मोटारीला घसरण्यापासून रोखतो. ओल्या रस्त्यावर पाण्याच्या पातळ थरामुळे चिकटणे कमी होते, तेव्हा बहुतांश भार या दुसऱ्या प्रकारावर पडतो.

पकडीचा साठा मर्यादित असतो, ही बाब अनेक चालकांना उशिरा कळते. तो साठा ब्रेक आणि वळण यांच्यात वाटून घ्यावा लागतो. वळणावर टायरची सारी पकड मोटार वळविण्यात खर्च होत असताना जोरात ब्रेक दाबला, तर दोन्हींपैकी एक काम फसते. पुढची चाके घसरली, तर मोटार वळण सोडून सरळ जाते. मागची घसरली, तर ती स्वतःभोवती फिरू लागते. म्हणूनच वळणाआधी वेग कमी करावा आणि वळणातून बाहेर पडताना तो वाढवावा, असे शर्यतीच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात.

पकडीची किंमत

रबर जितके मऊ, तितकी पकड अधिक आणि झीजही अधिक, हा ढोबळ नियम आहे. टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही. ब्रेक, वेग आणि वळण या प्रत्येक क्रियेत तो थोडा घसरतही असतो. त्या सूक्ष्म घसरण्यातच पकड असते आणि झीजही तेथेच होते. त्यामुळे 'भरपूर पकड आणि लाखभर किलोमीटर आयुष्य' अशी अपेक्षा एकाच टायरकडून करता येत नाही. सामान्य प्रवासी टायर नीट वापरल्यास साधारण ४० ते ६० हजार किलोमीटर चालतो. जास्त पकडीचा टायर २० ते ३० हजारांतच उतरणीला लागतो, हा अशा मोटारी चालविणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोटारींत तर वेग घेणे, वळणे आणि बहुतांश ब्रेकचा भार ही तिन्ही कामे पुढच्याच टायरकडे असल्याने ते मागच्यांच्या कितीतरी आधी झिजतात.

तंत्रज्ञानाने ही तडजोड बरीच सुसह्य केली आहे. पूर्वी रबराला बळकटी देण्यासाठी प्रामुख्याने काजळीसारखा कार्बन वापरत. १९९० च्या दशकात त्याच्या जोडीला सिलिका आले. त्यामुळे ओल्या रस्त्यावरील पकड वाढली आणि टायर फिरविण्यासाठी लागणारे इंधनही कमी झाले. तरीही पकड आणि आयुष्य यांतील ओढाताण पूर्णपणे संपलेली नाही.

टायरवरची अक्षरे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' असे काही लिहिलेले असते. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा इंचातील व्यास. ९१ हा भारक्षमतेचा अंक. त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलोपर्यंत भार पेलतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटर. एवढ्या वेगाने कोणी जावे, असा याचा अर्थ नाही. वरच्या श्रेणीचा टायर अधिक उष्णता सहन करतो, हा त्यातला व्यावहारिक भाग.

अमेरिकी पद्धतीनुसार काही टायरवर 'ट्रेडवेअर' हा आकडाही असतो. १०० हा आधार धरून आकडा जितका मोठा, तितका टायर टिकाऊ. २०० च्या आसपासचा टायर पकडीसाठी, तर ४०० च्या पुढचा दीर्घ आयुष्यासाठी बनविलेला असतो. हा आकडा उत्पादक कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना त्यावरून करता येते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत तो केवळ अंदाज ठरतो. भारतातही २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'एआयएस-१४२' हे मानक लागू करण्याची अधिसूचना काढली. त्यात ओल्या रस्त्यावरील पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांचे निकष ठरविण्यात आले.

चार अंकी संख्या टायरचे वय सांगते. '२३१९' म्हणजे २०१९ मधील २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर वापराविनाही कडक होते. म्हणूनच कमी चाललेली, पण आठ-दहा वर्षे दारात उभी असलेली मोटार थेट लांबच्या प्रवासाला काढणे धोक्याचे ठरते. खाचा खोल दिसतात, पकड मात्र निघून गेलेली असते.

सोलापूरचे ऊन आणि टायरमधील हवा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा वेळी टायरमधील हवेचा दाब आपोआप वाढतो. सकाळी २५ अंश तापमानात ३३ पौंड हवा भरली आणि टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब ३८-३९ पौंडांवर जातो. टायर तयार करतानाच या वाढीचा विचार केलेला असतो. त्यामुळे गरम टायरमधील हवा काढून ती पुन्हा ३३ वर आणणे ही मोठी चूक आहे. तसे केल्यास टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते. हवा नेहमी टायर थंड असताना, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी तपासावी.

कमी हवा हा टायरचा खरा शत्रू. २०५/५५ आर १६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जातो. ताशी १२० किलोमीटर वेगात तो मिनिटाला सुमारे एक हजार फेरे घेतो आणि सोलापूर ते पुणे या सुमारे २५० किलोमीटरच्या प्रवासात सव्वा लाख. हवा कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू गरजेपेक्षा जास्त वाकते. एकच तार वारंवार वाकविल्यास ती तापून तुटते, तसेच येथे घडते. आतील कापड आणि रबर यांची पकड सुटते आणि एका क्षणी टायर फुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो 'अचानक' फुटलेला वाटतो. प्रत्यक्षात त्याची तयारी कित्येक किलोमीटर आधी सुरू झालेली असते.

नायट्रोजन भरल्याने हा धोका टळतो, असा समज आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध व कोरड्या नायट्रोजनमुळे ओलावा टळतो आणि गळती थोडी मंदावते, एवढाच फायदा. नियमित तपासणीला तो पर्याय नव्हे.

मृगाच्या पहिल्या सरी

उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, तेलाचे थेंब आणि रबराचा चुरा साचतो. मृगाच्या पहिल्या सरीत या सर्वांचा निसरडा थर तयार होतो. जोराच्या पावसाने तो धुऊन निघेपर्यंतची पहिली काही मिनिटे सर्वांत धोक्याची.

हा फरक आकड्यांत पाहता येतो. चांगल्या टायरला कोरड्या रस्त्यावर ०.९ एवढा घर्षणांक मिळतो असे धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगातील मोटार ब्रेक लागल्यानंतर सुमारे ४४ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरमुळे तो ०.५ वर आला, तर हेच अंतर सुमारे ७९ मीटर होते. म्हणजे पहिली मोटार जेथे पूर्ण थांबते, तेथे दुसरी अजून ताशी ६५ किलोमीटरहून अधिक वेगात असते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापलेले २८ मीटर दोन्हीकडे वेगळेच.

साचलेल्या पाण्यात आणखी एक धोका असतो. टायरच्या खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ मिळाला नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. स्टिअरिंग एकदम हलके लागते आणि ब्रेकचा परिणाम होत नाही. नासाच्या संशोधनातून पुढे आलेल्या सूत्रानुसार ३३ पौंड हवेच्या टायरला हा धोका ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास संभवतो. हवा कमी असेल, तर त्याआधीच. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असणे आवश्यक आहे आणि तेवढी झीज दाखविणाऱ्या छोट्या आडव्या पट्ट्या खाचांच्या तळाशी असतात. मात्र पावसाळ्यापूर्वी खाच तीन मिलिमीटरच्या खाली गेली असल्यास टायर बदलणे शहाणपणाचे. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागत असल्याने वेगवान मोटारींना ही काळजी अधिक लागू पडते.

शर्यतीच्या मैदानावरून

टायरची पकड आणि झीज यांची टोकाची परीक्षा फॉर्म्युला वन शर्यतीत होते. २००५ च्या हंगामात पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत टायरच्या एकाच संचावर पूर्ण करण्याचा नियम होता. त्या वर्षी मे महिन्यात जर्मनीतील नूरबर्गरिंग येथे आघाडीवर असलेल्या किमी रायकोनेनचा पुढचा उजवा टायर ब्रेक जाम झाल्याने एका ठिकाणी सपाट घासला गेला. त्याच्या हादऱ्यांनी शेवटच्या फेरीत चाकाचा सांधा तुटला आणि फर्नांडो अलोन्सो विजयी झाला. पुढच्याच महिन्यात, १९ जून २००५ रोजी, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे मिशेलिनचे टायर सुरक्षित नसल्याचे स्पष्ट झाले. ते टायर वापरणाऱ्या १४ मोटारींनी माघार घेतली आणि उरलेल्या सहाच मोटारींत शर्यत झाली. त्यात चौथ्या आलेल्या नारायण कार्तिकेयनने भारताचे पहिले फॉर्म्युला वन गुण मिळविले.

२७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोइडातील बुद्ध सर्किटवरील शर्यतीत सेबास्टियन वेटेलने वेगळा धडा घालून दिला. त्याने मऊ टायर दुसऱ्याच फेरीअखेर बदलून टाकले. तो बराच मागे पडला. पण टिकाऊ टायरच्या जोरावर शर्यत आणि चौथे विश्वविजेतेपद दोन्ही जिंकले. अधिक पकडीचा टायर प्रत्येक वेळी जास्त उपयोगाचा असतोच असे नाही, हे त्यातून दिसले.

'टायर फुटला' हे कारण पुरेसे नाही

महाराष्ट्रात टायरचा प्रश्न ऐरणीवर आला तो समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी. सुरुवातीच्या महिन्यांतच टायर फुटून अपघात होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायरची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरच्या वाहनांना परत पाठविण्यात आले. सिमेंटचा रस्ताच टायर फोडतो, असा सूर त्या वेळी निघाला. मात्र कमी हवा, जादा भार आणि जुने टायर घेऊन तासन्‌तास एकसारखा वेग राखला, तर रस्ता कोणताही असो, टायरची सहनशक्ती संपणारच. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हाही प्रथम टायर फुटल्याचे सांगण्यात आले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत तसा पुरावा आढळला नाही. टायरवर दोष ढकलणे सोपे असते. त्याची काळजी आधीच घेणे तेवढे सोपे वाटत नाही.

मोठ्या चाकांचा मोह

मोटार दिसायला ऐटबाज व्हावी म्हणून मोठे रिम आणि रुंद टायर बसविण्याची हौस अनेकांना असते. असे करताना चाकाचा एकूण व्यास मूळ मापाच्या तीन टक्क्यांच्या आत राहावा, हा सर्वमान्य संकेत आहे. १८५/६० आर १५ ऐवजी १९५/५५ आर १५ टायर घेतल्यास व्यास सुमारे ६०३ वरून ५९५ मिलिमीटरवर येतो. हा बदल चालण्याजोगा आहे. मात्र बाजूची उंची कमी झाली, की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. आतील धागे तुटतात आणि बाजूवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही; तो बदलावाच लागतो.

विजेवर चालणाऱ्या मोटारींनी या प्रश्नात नवी भर घातली आहे. बॅटरीमुळे वजन जास्त आणि पायाखालची ताकद तत्काळ मिळणारी. प्रत्येक सिग्नलवर झेप घेण्याचा मोह झाला, तर टायर अपेक्षेपेक्षा लवकर झिजतात.

झीज ओळखा, दोष शोधा

- टायर फक्त मध्यभागी झिजला असेल, तर हवा सतत जास्त आहे.
- दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी आहे.
- केवळ आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल, तर चाकाचा कोन बिघडलेला असू शकतो; व्हील अलाइनमेंट तपासावे.
- हात फिरविल्यावर करवतीच्या दातांसारखे जाणवत असेल, तर चाके एकमेकांना समांतर नाहीत.
- जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असेल, तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे लक्ष द्यावे.

हे लक्षात ठेवा

- हवा पंधरा दिवसांतून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. स्टेपनी विसरू नये.
- दर आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर टायरची अदलाबदल करावी. बाणाची खूण असलेले टायर त्याच बाजूला पुढे-मागेच बदलावेत.
- दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत. मागची चाके घसरल्यास मोटार सावरणे सर्वांत कठीण असते.
- नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावा. त्याच्या पृष्ठभागावरील गुळगुळीत थर जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही.
- सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी वापरू नये.

यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. हवेचा दाब पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि झीज ओळखण्यासाठी टायरवरून एकदा हात फिरविणे पुरते. मागावरचा कारागीर कापडावरून हात फिरवून तुटलेला धागा ओळखतो. टायरचाही सांगाडा कापडाचाच. तेव्हा मोटार बाहेर काढण्यापूर्वी तीच सवय चालकानेही लावून घ्यायला हवी.